बुटकीच्या मापाची गाडी

मास्तरांच्या घरात चार माणसं होती आणि एक मोटरसायकल. त्यात पहिला मान कुणाचा, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

मास्तर शाळेत कवायत शिकवायचे. उंच, ताठ, गळ्यात शिट्टी, नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. गाडी त्यांनी लग्नाआधी घेतलेली. काळी कुळकुळीत, टाकीवर हाताने ओढलेल्या दोन सोनेरी रेघा. घराच्या भिंतींना गिलावा व्हायच्या आधी त्यांनी घराला लागून गॅरेज बांधलं आणि गाडीखाली फरशी बसवून घेतली. घरात मात्र पुढची कित्येक वर्षं उघड्या विटाच होत्या. बायको गाडीला सवत म्हणायची. तिच्यावर ती कधीच बसली नाही, कारण मागे कुणी बसलं की सीट बसते, असं मास्तरांचं म्हणणं होतं. ती गेली तेव्हा शेजारणी म्हणाल्या, बिचारीने एवढ्या वर्षांत नवऱ्याच्या गाडीची हवासुद्धा खाल्ली नाही.

मुलं दोन. धाकटा मुलगा बापासारखा उंच निघाला. थोरली मुलगी आईच्या वळणावर गेली, खांद्यात रुंद आणि पायांत आखूड. मास्तरांनीच तिला बुटकी म्हणायला सुरुवात केली. बापानेच नाव ठेवल्यावर गल्ली कशाला मागे राहील? शाळेत, दुकानात, पुढे कामावरसुद्धा ती बुटकीच झाली, आणि खरं नाव फक्त सरकारी कागदावर उरलं.

लहानपणी एकदा मास्तर गाडी लावून पाणी प्यायला आत गेले, तेवढ्यात ती सीटवर चढायला गेली. पाय पुरला नाही. घसरली, आणि पोटरी तापलेल्या सायलेन्सरला चिकटली. चर्र आवाज झाला. तिच्या किंकाळीने आई तांब्या घेऊन धावत आली. मास्तरही आले, पण त्यांची नजर आधी सायलेन्सरवर गेली. चकचकीत नळीवर कातडीचा पापुद्रा चिकटला होता. त्यांनी हाताने आईला थांबवलं, खुंटीवरचं फडकं काढून मुलीच्या हातात दिलं आणि म्हणाले, "आधी ते पूस. वाळलं की निघत नाही."

तिने पुसलं. आई तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. पोटरीवरचा बशीएवढा डाग पुढे जन्मभर राहिला.

मोठी झाल्यावर ती सीटकव्हरच्या दुकानात शिवायला लागली. गाड्यांच्या गाद्या, रिक्षांची छतं, ट्रकच्या ड्रायव्हरांच्या पाठीमागच्या उशा, जे येईल ते. हात इतका पक्का की एकदा तिने शिवलेलं परत उसवून येत नाही, असं गिऱ्हाईक सांगायचं. त्याच रस्त्यावर एक वेल्डर होता. मितभाषी, कामाला वाघ. त्या दोघांचं जुळलं, म्हणजे काय तर चहा एकत्र व्हायला लागला आणि एके दिवशी तो धुतलेला शर्ट घालून तिला मागायला घरी आला.

मास्तर त्या दिवशी फार खुशीत होते. त्यांनी पाहुण्याला गॅरेजपाशी नेलं, शेजारपाजारच्यांना हाका मारल्या. लग्नाचं मग बोलू, आधी ही गाडी चालू करून दाखव, म्हणाले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिने पाहिलं होतं: पाहुणा दारात यायच्या आधीच बापाने प्लगची वायर काढून ठेवली होती.

वेल्डर किक मारत राहिला. शर्ट पाठीला चिकटला, चप्पल तुटली, एकदा किक उलटी येऊन नडगीवर बसली. लोक आधी गालात हसत होते, मग मोकळेपणाने हसायला लागले. तिला एवढंच म्हणायचं होतं की वायर बघ. ते तोंडातून निघालं नाही. शेवटी मास्तर म्हणाले, "ज्याला गाडी चालू करता येत नाही तो संसार काय चालू करणार?" मग सगळ्यांसमोर वाकून वायर बसवली आणि एका किकेत गाडी चालू केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेल्डर तुटकी चप्पल हातात घेऊन गेला. पुन्हा आला नाही. वर्षभरात त्याचं दुसरीकडे लग्न झालं. तिला पुढे एकदोन स्थळं आली, ती मास्तरांच्या जिभेखाली चिरडून मेली. मग येईनाशी झाली.

मास्तर निवृत्त झाले, बायको गेली, धाकटा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला. गाडी उभी राहून राहून इंजिन जाम झालं. तेव्हा मास्तरांनी ध्यास घेतला की तिला पुन्हा बांधायची, कंपनीतून निघाली होती अगदी तशी. नवा भाग एकही नको, सगळं अस्सल. जुन्या बाजारांतून, भंगारातून, मेलेल्या माणसांच्या पोरांकडून त्यांनी एकेक भाग मिळवला. पिस्टन, रिंगा, कार्बोरेटर, दिव्याची काच. सगळं तेलकट कागदात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यांत. बांधून झाली की गाडी धाकट्याची, हे ते येईल त्याला सांगायचे. एकदा तिने सहज म्हटलं, चालवायला मलाही येईल की. तर तिच्या पायांकडे बघून म्हणाले, "आधी जमिनीला टेकव."

डबे सगळे भरले आणि त्याच महिन्यात, गॅरेजमध्ये वाकलेले असताना, मास्तरांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर काही दिवसांनी एक शब्द परत आला, आणि तो एकच आला: हो.

डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं. डोकं शाबूत आहे, सगळं कळतं, फक्त तोंडातून एवढंच निघतं. त्यांना हो म्हणायचं असो, नाही म्हणायचं असो, पाणी मागायचं असो, शिवी द्यायची असो, बाहेर येईल ते हो. तेव्हा त्यांच्याशी बोलत राहा, आणि काहीही करण्याआधी त्यांना विचारत जा. माणसाला बरं वाटतं.

तिने सेवेत कसर ठेवली नाही. सकाळी अंघोळ, कपडे, भरवणं करून ती दुकानात जायची. दिवसा सांभाळायला एक मावशी ठेवली होती, थोराड हाडाची, बोलायला सडेतोड. बाप डाव्या हाताने चमचा उडवायचा, कधी तिच्या कानशिलात द्यायचा. ती मूग गिळून भरवायची.

एकदा अशीच ती खिचडी भरवत होती. पोट भरलं असावं, त्यांनी तोंड फिरवलं. तिने नेहमीसारखं विचारलं, "अजून देऊ?"

"हो," बाप म्हणाला आणि मान जोरजोरात नाही म्हणून हलवली.

तिचा हात थांबला. तिने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. मग चमचा भरला आणि ओठांत घातला. पुन्हा विचारलं. पुन्हा हो. वाडगा रिकामा होईपर्यंत ती विचारत राहिली आणि भरवत राहिली. बापाच्या डोळ्यांत पाणी आलं, हनुवटीवरून खिचडी ओघळली. तिने मऊ फडक्याने ती पुसली. त्या दिवशी दुकानात ती दिवसभर गुणगुणत होती, असं बरोबरच्या बाया सांगतात.

पुढच्याच सुट्टीच्या दिवशी तिने बापाला चाकाच्या खुर्चीत बसवून गॅरेजमध्ये नेलं. शेजारच्या काकू पायरीवर भाजी निवडायला येऊन बसल्या. "बाबा, गाडी खोलू का?" तिने विचारलं.

"हो," मास्तर म्हणाले, आणि हा हो खरा होता. आजारपणात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर उजेड आला.

तिला काम येत होतं. कुणी शिकवलं नव्हतं. पण खिडकीतून वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं आणि दुकानाच्या शेजारी मेकॅनिकच मेकॅनिक. तिने इंजिन उतरवलं, रॉकेलमध्ये एकेक भाग धुतला, सिलिंडर बाहेरच्या कारखान्यातून घासून आणला. बापाने जमवलेले डबे एकेक करून उघडले. कुठला भाग कुठल्या डब्यात ते मास्तर डाव्या बोटाने दाखवायचे. तिचं चुकलं की खुर्चीचा हात ठोकायचे, बरोबर आलं की गप्प बसायचे. त्यांच्या गप्प बसण्याला आयुष्यात पहिल्यांदा मायेचा वास आला. कामावरून आली की ती हातपाय धुऊन आधी गॅरेज उघडायची, आणि मास्तर मावशीकडून केस विंचरून घेऊन वाट बघत असायचे. बापलेकीचं असं गूळपीठ गल्लीने कधी पाहिलं नव्हतं. काकू जाईल तिथे सांगायच्या की पोरीने बापाचं स्वप्न उचललंय, मुलगा असून काय उपयोग झाला.

पुढे काय करायचं हे तिने आधीच ठरवलं होतं का, हे तिलाही सांगता आलं नसतं. इंजिन तयार झालं. पिस्टन लोण्यासारखा फिरायला लागला. मास्तरांनी डावा हात उचलून तिच्या मनगटावर ठेवला, क्षणभरच. आणि तिने त्यांच्या लुळ्या बाजूला जाऊन टाकी मांडीवर घेतली, पॉलिश पेपर पाण्यात बुडवला.

"बाबा, या रेघा घासून काढू ना?"

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हो." मान नाही म्हणून हलली. "हो. हो. हो."

"ऐकलंत ना काकू? तीनदा सांगितलं."

"मान किती हलते गं त्यांची."

"झटक्याने होतं तसं," ती म्हणाली आणि घासायला लागली.

रेघा सोन्याच्या पाण्यासारख्या विरघळून तिच्या बोटांवरून ओघळल्या. त्याखालचा काळा गेला, त्याखालचा लाल थर गेला, उघडा पत्रा लागला. मास्तर डाव्या हाताने खुर्चीचं चाक ढकलायला गेले. पण एकच चाक फिरलं, त्यामुळे खुर्ची जागच्या जागी वळली आणि त्यांचं तोंड भिंतीकडे झालं. तिने उठून खुर्ची पुन्हा सरळ केली, ब्रेक लावला. त्यांचे गाल ओले झालेले पाहून काकूंनीही पदर डोळ्यांना लावला. आनंदाने रडतात हो बिचारे, म्हणाल्या.

त्यानंतर तिने डॉक्टरांचा सल्ला अक्षरशः पाळला. बापाला विचारल्याशिवाय एक बोल्ट हलवला नाही. दिव्याची अस्सल काच काढून गोल, बुटका दिवा लावू का? हो. मडगार्ड अर्धे कापू का? हो. टाकी केशरी रंगवू का? मास्तरांना केशरी गाड्या डोळ्यांसमोर नको असायच्या, सर्कस म्हणायचे त्यांना. हो. प्रत्येक वेळी ती थांबायची, उत्तर येऊ द्यायची, आणि उत्तराबद्दल त्यांचे आभार मानायची.

गाडी तिच्या मापाची करायची तर सीट खाली यायला हवी होती, आणि सीट खाली आणायची तर चासीचा मागचा भाग कापणं आलं. ते काम वेल्डरचं. गावात दहा वेल्डर होते. ती त्याच्याकडेच गेली.

तो आता अंगाने सुटला होता, केस पांढरे झालेले, दोन पोरांचा बाप. काम कुठलं आहे ते कळल्यावर तो जरा वेळ हातातली वेल्डिंगची काच पुसत बसला. मग म्हणाला, येतो. आणि आला तो सामान घेऊन, चांगला खुशीत. गॅरेजच्या दारात त्याने मास्तरांना नमस्कारसुद्धा केला, जरा जास्तच वाकून. "ओळखलं का मास्तर?"

"हो," मास्तर म्हणाले.

"बाबा, हा चासी कापणार आहे. कापू दे ना?"

मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं. या वेळी शब्द आलाच नाही, घशातून नुसती घरघर आली. मग त्यांनी चांगला हात वर केला आणि वेल्डरपुढे धरला, तळवा वर करून, भीक मागतात तसा.

वेल्डरने ग्राइंडर चालू केला. एका बाजूची नळी अर्धी कापली, ठिणग्या फरशीवर पसरल्या. त्याने एकदा मागे वळून पाहिलं. हात अजून तसाच पुढे होता. त्याने ग्राइंडर बंद केला.

"माझ्याच्याने नाही होणार," तो म्हणाला.

"त्या दिवशी तुझ्या नडगीतून रक्त येत होतं," ती म्हणाली. "ते हसत होते."

"होते ना. पण आता त्यांच्यात आहे काय हसण्यासारखं? मला वाटलं होतं मजा येईल. नाही येत." त्याने काच काढून ठेवली. "आणि तुला एक विचारू? वायर काढलेली तू पाहिली होतीस ना? खिडकीत उभी होतीस."

तिने अर्ध्या कापलेल्या नळीवर बोट फिरवलं. उत्तर ऐकायला तोही थांबला नाही. तो वेल्डिंगच्या वायरी गुंडाळून बाहेर जाऊन उभा राहिला. मग तिनेच ग्राइंडर उचलला. जोड द्यायला नंतर दुसरा माणूस आणला, पण चासी तिने स्वतः कापली, दोन्ही बाजूंनी, बापाच्या समोर. कापलेला तुकडा फरशीवर पडला तेव्हा तिने तो उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. अस्सल आहे, म्हणाली, जपून ठेवा.

धाकट्याला यातलं काही माहीत नव्हतं. दवाखान्यात तो एकदा येऊन गेला होता, तेव्हा बाप नुसता पडून असायचा. नंतर सगळं फोनवर. ती फोन बापाच्या कानाला लावायची, पलीकडून तो विचारायचा, बरं आहे ना बाबा, जेवता ना, औषध घेता ना. हो, हो, हो. बाप बोलायला लागला याचा त्याला आनंद झाला होता. मग त्याला कुणीतरी सांगितलं की अशा जुन्या गाड्यांना हल्ली मोठी किंमत आहे, आणि इंजिनचं काम झाल्याचं काकूंकडून कळलं. तो टेम्पो घेऊनच आला.

गॅरेजचं दार उघडून तो उंबऱ्यातच थिजला. समोर एक लांबलचक, बुटकी, केशरी गाडी होती. मागचा भाग आखूड, हँडल रुंद. फक्त सीट बसवायची राहिली होती.

"हे काय आहे?"

"बाबांची गाडी," ती म्हणाली. "त्यांना विचारून विचारून केली."

"बाबा असं कधी करू देणार नाहीत."

"त्यांनाच विचार की."

मावशी मास्तरांची खुर्ची घेऊन मागे उभी होती. तिने तोंड उघडलं. थोरलीने तिच्याकडे नुसतं पाहिलं, तशी ती चहा ठेवते म्हणून आत गेली.

धाकटा बापासमोर उकिडवा बसला. "बाबा, हिला तुम्ही परवानगी दिली?"

मास्तरांनी डाव्या मुठीत त्याचा शर्ट पकडला. चेहरा लालबुंद झाला, मानेच्या शिरा इतक्या तटतटल्या की मान हलेना. साऱ्या अंगाची ताकद एकवटून त्यांनी तोंड उघडलं. "हो."

"गाडी कापायला सांगितली?"

"हो. हो. हो."

एक वाक्य पुरलं असतं. त्यांना दुसरा शब्द येत नाही, एवढंच. ते तिच्या जिभेवर होतं आणि या वेळी तिला कुणाची भीतीही नव्हती. ती हात पुसत उभी राहिली.

धाकट्याने बापाची बोटं शर्टावरून एकेक करून सोडवली. "लहानपणापासून गाडी तुझी, गाडी तुझी," तो म्हणाला. "त्या नादात मी आईलाही तिच्यावर बसू दिलं नाही, सीट खराब होईल म्हणून तुमच्या बरोबरीने ओरडायचो. आता हिच्या हातचं खाताय म्हणून हिला दिलीत. राहा मग हिच्याकडेच." चहा तसाच राहिला. टेम्पो रिकामा गेला. बाप गॅरेजच्या दारातून हो हो करत ओरडत होता आणि गल्लीतली माणसं खिडक्यांतून म्हणत होती, म्हातारा मुलाला कसा ठणकावून सांगतोय बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाणी घेऊन खोलीत गेली, तर मास्तरांनी डोळे मिटलेले. झोपलेत असं तिला वाटलं. तोंड पुसलं, कपडे बदलले, भरवलं. ते सगळं करू देत होते, पापणी मात्र उघडत नव्हते. ती दुकानात गेली की उघडायचे, मावशीकडे नीट बघायचे. ती परत आली, तिच्या चपलांचा आवाज झाला, की मिटायचे. एवढं एकच दार त्यांच्या हातात उरलं होतं आणि ते त्यांनी लावून घेतलं.

तिला आधी हसू आलं. मग राग आला. "डोळे उघडा बाबा," ती म्हणायची. उत्तरसुद्धा नाही, तो एक शब्दही त्यांनी तिच्यासाठी बंद केला.

सीट तिने सर्वांत शेवटी शिवली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाद्या शिवल्या, ही स्वतःची. जाड तपकिरी चामडं, मेणाचा दोरा, दुहेरी टाका, दाभणाने एकेक भोक पाडून. असं काम तिच्या हातून पूर्वी झालं नव्हतं. गाडी पूर्ण झाली त्या दुपारी तिने बापाला गॅरेजमध्ये आणून बसवलं, काकू आल्या, आणखी चार जण आले. तिने पाय टाकला. दोन्ही पाय जमिनीला टेकले. गाडी पहिल्या किकेत चालू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने वळून पाहिलं. बाप खुर्चीत ताठ बसला होता, कवायतीला उभा असल्यासारखा, आणि डोळे मिटलेले.

तिने गाडी रेस केली. पत्रे थरथरले, धूर कोंदला, काकू खोकत बाहेर गेल्या. पापणी हलली नाही.

तेव्हापासून ती बोलायला लागली. डोळे मिटता येतात, कान नाही. रोज कामावरून येऊन ती पलंगाशी बसायची आणि सांगायची. आज पुलापर्यंत जाऊन आले. सिग्नलला लोक वळून बघतात. एकाने विचारलं, जुनी कुठली गाडी होती ही, तर मी म्हटलं, आठवत नाही. तुमचे उरलेले डबे भंगारवाल्याला दिले; त्याने काच फोडूनच पोत्यात टाकली. धाकट्याचा फोन नाही आला. मी लावला होता, तुमचं नाव काढलं तर ठेवून दिला. यातलं काही खरं असायचं, काही ती तिथल्या तिथे बनवायची. मास्तर भिंतीसारखे पडून असायचे. फक्त गळ्याची घाटी वरखाली व्हायची, आणि ती घाटीकडे बघून सांगायची.

एकदा मावशी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "ताई, मेलेल्या सापाला किती ठेचायचं?"

"मेला नाहीये," ती म्हणाली.

तो मेला एका दुपारी. ती दुकानात होती. मावशी म्हणाली, खुणेने पाणी मागितलं आणि पिताना गेले, डोळे उघडेच होते, मी मिटले. धाकटा आला. बापाच्या पायांवर डोकं ठेवून खूप रडला. हा माणूस शेवटी एकच शब्द बोलत होता हे त्याला तिथे दाखला द्यायला आलेल्या डॉक्टरांच्या तोंडून कळलं. त्याने बहिणीकडे पाहिलं. पुन्हा त्या घरी आला नाही. काकूंनी मात्र सगळ्यांना सांगितलं की अशी लेक देवाने प्रत्येकाला द्यावी.

हिशोब चुकता करून मावशी निघाली, तेव्हा थोरलीने बापाचे कपडे तिच्यासाठी बांधून ठेवले होते. मावशीने गाठोडं उचललं आणि दाराशी थांबली.

"तुम्हाला सांगणार नव्हते. पण मनात ठेवून झोप येत नाही. ज्या दिवशी तुम्ही चालत जायचात, गाडी घरी असायची, त्या दिवशी ते मला गॅरेजकडे बोट दाखवायचे. एक दिवस चुकला नाही. नेऊन बसवायला लागायचं."

"कशाला?"

"जाऊन बघा. भिंतीकडच्या बाजूने."

ती गेली. गाडी आणि भिंत यांच्यात जेमतेम खुर्चीपुरती जागा असायची, त्या बाजूला तिचं कधी लक्ष जायचं नाही. ती गुडघ्यांवर बसली, मान वाकवली. सीटच्या कडेची शिवण वीतभर उसवली होती. फाटलेली नव्हती. टाका टाका सुटा केलेला, दोऱ्याची टोकं पिंजलेली, चामड्यावर नखांचे आणि कसल्यातरी टोकाचे ओरखडे.

"चमच्याच्या दांड्याने करायचे," मागून मावशी म्हणाली. "डाव्या हाताने. पूर्वीची उंच सीट असती तर हात पोचला नसता. ही बरोबर त्यांच्या हाताशी आली. दुहेरी टाका आहे हो तुमचा, लई चिवट. एकेकाला चार चार दुपारी लागायच्या. घामाघूम व्हायचे. पण ज्या दिवशी टाका सुटायचा त्या दिवशी पोटभर जेवायचे."

तिने बोट उसवणीत घातलं. आतला स्पंज लागला.

"डोळे उघडे असायचे?" तिने विचारलं.

"मग? डोळे मिटून टाका सापडतो होय?"

मावशी गेली. ती बराच वेळ फरशीवर बसून होती. रडली नाही. एकदा मोठ्याने हसली, ते पलीकडे काकूंना ऐकू गेलं. त्यांना वाटलं, दुःखाने भ्रमली पोर.

वर्षभर तिने गाडी चालवली. दुकानात जायची, यायची. मग हळूहळू चालत जायला लागली. गाडी चालवणं आपल्याला मुळात आवडत नाही हे तिच्या लक्षात आलं: वारा डोळ्यांत जातो, कंबर धरते, आणि पोहोचून दाखवायचं कुणाला? एक जण विकत घ्यायला आला. तरुण होता, टाकीवर हात फिरवत होता, असं काम कुठे बघायला मिळत नाही म्हणत होता. गाडीभोवती फिरताना तो भिंतीकडच्या बाजूला थांबला.

"एवढी शिवण तेवढी उसवलीय. तुम्ही शिवता ना? द्याल घालून?"

"नाही," ती म्हणाली. "बाहेरून शिवून घ्या."

त्याने गाडी नेली. दुसऱ्या दिवशी तिने गॅरेज धुऊन काढलं. तेलाचे डाग काही निघाले नाहीत, म्हणून त्यांवर रेक्झिनचे जुने तुकडे अंथरले आणि शिलाईचं मशीन आत आणून खिडकीखाली मांडलं. आता तिचं स्वतःचं दुकान आहे तिथे. काम भरपूर येतं. शिवण पूर्वीसारखीच पक्की आहे, गिऱ्हाइकाची तक्रार नाही. फक्त ती फार बोलत नाही, आणि काम करताना कुणी समोर बसून बघत राहिलेलं तिला चालत नाही.